माणसं मोजणारा कारकून

स्मरणिकेसाठी लेख दे, विषय कुठलाही चालेल, असं संपादक मंडळाने कळवलं. शाळेच्या आठवणी इतर जण माझ्यापेक्षा चांगल्या लिहितील, याची मला खात्री आहे. म्हणून मी वेगळा विषय घेतला. गेली काही वर्षं आपल्याच बॅचमधल्या काहींची मुलं मला एक प्रश्न विचारतात: गुन्हे तपासात, फॉरेन्सिकमध्ये, ‘क्राइम अ‍ॅनालिसिस’मध्ये करिअर करायचं असेल तर काय शिकायचं? मी पोलिसांत नाही, सॉफ्टवेअरमध्ये आहे. पण दोन नोंदी एकाच माणसाच्या की दोन वेगळ्या माणसांच्या, हे ठरवणाऱ्या प्रणालींवर माझी बरीच वर्षं गेली आहेत. त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे येत असावा. कोर्सची नावं मी सांगतेच. पण त्यासोबत एका माणसाचं आयुष्यही सांगते, कारण या क्षेत्रात काय मिळवता येतं आणि काय बिघडवता येतं, ते दोन्ही त्या एकाच आयुष्यात आहे.

त्याचं नाव आल्फॉन्स बर्टिलॉन. फ्रेंच लोक ते ‘बेर्तियों’सारखं उच्चारतात, पण आपल्याकडच्या पुस्तकांत बर्टिलॉन असंच छापतात, म्हणून मीही तेच ठेवते. आपल्या स्मरणिकेत गुणवंत विद्यार्थ्यांवर लिहायची पद्धत आहे. हा विद्यार्थी मात्र शाळेतून काढून टाकलेला होता, तेही एकापेक्षा जास्त शाळांतून.

आल्फॉन्सचा जन्म १८५३ चा, पॅरिसमधला. घर विद्वानांचं. वडील लुई-अडॉल्फ डॉक्टर, संख्याशास्त्रज्ञ आणि मानववंशशास्त्राच्या पॅरिसमधल्या संस्थेच्या संस्थापकांपैकी एक. आईचे वडील आशिल गियार यांनी लोकसंख्येच्या अभ्यासाला ‘डेमोग्राफी’ हा शब्द दिला. थोरला भाऊ जाक पुढे पॅरिस शहराच्या सांख्यिकी खात्याचा प्रमुख झाला. त्याने मृत्यूच्या कारणांची जी वर्गवारी केली, तिच्यातूनच आज प्रत्येक रुग्णालयात वापरले जाणारे रोगांचे आंतरराष्ट्रीय संकेतांक आले. अशा घरातला हा मुलगा चिडका, एकलकोंडा आणि वर्गात न टिकणारा. व्हर्सायच्या नावाजलेल्या शाळेनेही त्याला घरी पाठवलं. नंतर इंग्लंडमध्ये जाऊन त्याने काही काळ फ्रेंच शिकवलं, परत येऊन सैन्यातली सक्तीची नोकरी केली. पंचविशी उलटली तरी हातात काही नव्हतं. शेवटी वडिलांनी ओळख वापरली आणि १८७९ मध्ये तो पॅरिस पोलिसांच्या मुख्य कचेरीत कनिष्ठ कारकून म्हणून लागला. म्हणजे वशिल्याची नोकरी, आणि तीही नकलनवीसाची.

काम होतं अटक झालेल्या माणसांची वर्णनं उतरवून काढण्याचं. उंची मध्यम, चेहरा साधारण, नाक नेहमीसारखं, कपाळ नेहमीसारखं. अशी कार्डं दिवसभर लिहायची, आणि ती पुन्हा कोणी उघडणार नाही हेही माहीत असायचं. आपल्यापैकी ज्यांनी सरकारी कचेरीत काम केलंय त्यांना हा अनुभव वेगळा समजावून सांगायला नको.

त्या कार्डांमागे मात्र एक खरी अडचण होती. पूर्वी फ्रान्समध्ये गुन्हेगाराच्या खांद्यावर डागणी देत. १८३२ मध्ये ती शिक्षा रद्द झाली, आणि ते योग्यच झालं. पण त्यामुळे पकडलेला माणूस पहिल्यांदाच आलाय की दहाव्यांदा, हे ओळखायची सोय गेली. सराईत माणूस दर वेळी नवं नाव सांगे. पोलिसांनी फोटो काढायला सुरुवात केली होती. हजारो फोटो जमले होते, पण एक कुठून तर एक कुठल्या उजेडात काढलेला, आणि लावलेले नावाप्रमाणे. नावच खोटं असेल तर नावाप्रमाणे लावलेल्या फोटोंचा काय उपयोग? मग जुने हवालदार चेहरे आठवायचे, किंवा कैद्यांमध्ये खबरे सोडले जायचे. शिवाय तेव्हा पुन्हा पुन्हा गुन्हा करणाऱ्यांना कडक शिक्षा द्यायचा कायदा येऊ घातला होता. तो १८८५ मध्ये आला, आणि त्याखाली अशा माणसांना थेट समुद्रापारच्या वसाहतीत धाडता येत होतं. जुन्या नोंदीवरून माणसाचं आयुष्य ठरणार असेल तर ती नोंद त्याच माणसाची आहे ना, हे नक्की व्हायला हवं.

या कारकुनाच्या लक्षात आलं ते असं. वडिलांच्या वर्तुळात कवट्या, हाडं मोजणं रोजचंच होतं. बेल्जियमचे संख्याशास्त्रज्ञ केतले यांनी माणसांच्या मापांचा फैलाव कसा असतो हे दाखवून दिलेलं होतं. साधारण विशीनंतर हाडांची लांबी फारशी बदलत नाही. दाढी वाढवता येते, नाव बदलता येतं, वजन कमीजास्त होतं. पण डोक्याची लांबी, हाताच्या मधल्या बोटाची लांबी, पावलाची लांबी बदलत नाही. एक माप दोघांचं सारखं निघेल. पण अकरा मापं एकदम सारखी निघणं फार दुर्मीळ. त्याने तुरुंगात जाऊन कैद्यांची मापं घ्यायला सुरुवात केली. कैदी हसत, सहकारी हसत.

१८७९ मध्येच त्याने वरिष्ठांना अहवाल दिला. तेव्हाचे पोलिसप्रमुख लुई आंद्रिए यांना त्यातलं काही उमगलं नाही. अहवाल किचकट होता आणि लिहिणाऱ्याची पायरी अगदी खालची. त्यांनी तो फेटाळला आणि प्रकरण वडिलांच्या कानावर गेलं. वडिलांनी तो कागद वाचला मात्र, आणि ज्या मुलाची काळजी करण्यात आयुष्य गेलं त्याने काय शोधलंय हे त्यांना कळलं. पुढचे पोलिसप्रमुख कामकास यांनी अखेर १८८२ च्या शेवटी परवानगी दिली: दोन मदतनीस आणि तीन महिन्यांची मुदत. तीन महिन्यांत एक तरी जुना गुन्हेगार ओळखून दाखव.

इथे थोडं थांबते, कारण माझ्यासारखीला या गोष्टीतला सगळ्यात सुंदर भाग मापांचा नाही, कपाटाचा वाटतो.

मापं घेणं सोपं होतं. नव्या माणसाची मापं घेतली, आता ती हजारो कार्डांशी कशी ताडून बघायची? बर्टिलॉनने प्रत्येक मापाचे तीन गट केले: लहान, मध्यम, मोठं. गटांच्या सीमा अशा आखल्या की प्रत्येकात साधारण सारखीच कार्डं पडावीत. समजा ९०,००० कार्डं आहेत. डोक्याच्या लांबीवरून तीन भाग केले की एकेका भागात ३०,००० येतात. डोक्याच्या रुंदीवरून पुन्हा तीन, म्हणजे १०,०००. मधलं बोट घेतलं की ३,३०० च्या आसपास. डावं पाऊल घेतलं की ११००. कोपरापासून बोटांपर्यंतचा हात घेतला की ३७०. उंचीवरून सव्वाशे, करंगळीवरून चाळीस. शेवटी डोळ्यांच्या रंगाचे त्याने सात वर्ग केले होते, त्यावरून हातात सहा-सात कार्डं उरायची. मग फोटो पाहायचा, अंगावरचे व्रण आणि तीळ ताडायचे. ९०,००० पासून सहापर्यंत यायला कपाटापुढे काही मिनिटं पुरत. आम्ही आज याला इंडेक्स म्हणतो. फोटोचा उपयोग आता शोधायला नव्हे, खात्री करायला होता. नाव तर शोधण्यातून पूर्णपणे बाद झालं होतं.

माप घ्यायची शिस्तही तशीच काटेकोर. शरीराची डावी बाजू मोजायची, कारण उजवी कामाने बदलते. एकच माप पुन्हा पुन्हा घेऊन पाहायचं. माणूस कुठे उभा राहील, पाय कुठे ठेवेल, कॅलिपर कसा धरायचा, सगळं ठरलेलं. माप दोन गटांच्या सीमेवर आलं तर दोन्हीकडे शोधायचं. हा शेवटचा नियम आजही किती प्रणालींत विसरला जातो हे मला पक्कं ठाऊक आहे. सीमेवरचा माणूस एका खणात टाकून दिला की तो कायमचा हरवतो.

फेब्रुवारी १८८३ मध्ये, मुदत संपत आलेली असताना, द्युपों असं नाव सांगणारा एक माणूस आला. मापं घेतली, खण उघडला, कार्ड निघालं. हाच माणूस काही आठवड्यांपूर्वी मार्तँ या नावाने मोजला गेला होता. त्याने कबूल केलं. साधारण आठवड्याभरातच बर्टिलॉनचे वडील वारले. १८८४ या एका वर्षात मग २४१ जुने गुन्हेगार या कपाटातून ओळखले गेले. आता कोणी हसत नव्हतं.

इथून पुढे मी त्यांना अहोजाहो करते, कारण पॅरिसनेही तेच केलं. मोजणीची पद्धत देशभरच्या तुरुंगांत गेली, मग इतर देशांत. १८९३ मध्ये पॅरिस पोलिसांत ओळख पटवण्याचं स्वतंत्र खातं उभं राहिलं आणि बर्टिलॉन त्याचे प्रमुख झाले. गुन्हेगाराचा एक फोटो समोरून आणि एक बाजूने, ठरलेल्या अंतरावरून, ठरलेल्या उजेडात, हा जगभरचा प्रघात त्यांनीच घातला. बाजूचा फोटो का? कारण कानाची ठेवण माणसागणिक वेगळी असते आणि ती समोरून नीट दिसत नाही. नाक, कपाळ, कान यांच्या वर्णनासाठी त्यांनी ठरावीक शब्दांची यादीच केली, म्हणजे एका गावच्या पोलिसाने लिहिलेलं वर्णन दुसऱ्या गावच्याला तसंच कळावं. ज्या ‘साधारण चेहऱ्या’ने त्यांना कारकून असताना छळलं होतं, त्याचा त्यांनी असा निकाल लावला. गुन्ह्याच्या जागेचे फोटोही त्यांनी मापाला बांधले. उंच तिवईवर कॅमेरा लावून वरून फोटो घ्यायचा आणि त्याला मापपट्टीची चौकट द्यायची, म्हणजे नंतर कोर्टातही खोलीतली अंतरं मोजता यावीत.

प्रसिद्धी आली ती १८९२ मध्ये. पॅरिसमध्ये न्यायाधीश आणि सरकारी वकिलांच्या घरांवर बॉम्ब टाकणारा राव्हाशोल एका उपाहारगृहातल्या वेटरच्या सावधपणामुळे पकडला गेला. त्याची मापं जुळली ती सेंत-एतियेनला पूर्वी मोजलेल्या कोनिग्स्टाइन नावाच्या गुन्हेगाराशी, आणि त्या नावामागे एका म्हाताऱ्या बैराग्याचा खून होता. बर्टिलॉन यांचं नाव इतकं गाजलं की कॉनन डॉयल यांनी बास्करव्हिलच्या शिकारी कुत्र्याच्या कादंबरीत शेरलॉक होम्सला त्यांच्या खालोखालचं स्थान देणारं एक पात्र आणलं आणि होम्सला त्याचा राग आलेला दाखवला.

आता दुसरी बाजू. अकरा मापं एकदम जुळण्याची शक्यता काढताना, एकेका मापाला चारात एक धरून गुणाकार केला तर चाळीस लाखांत एक असा आकडा येतो. आकडा भारदस्त आहे, पण हा गुणाकार तेव्हाच खरा जेव्हा मापं एकमेकांपासून स्वतंत्र असतील. उंच माणसाचा हातही लांब असतो, पाऊलही लांब असतं. एक कळलं की दुसऱ्याचा अंदाज येतो. इंग्लंडमध्ये फ्रान्सिस गॉल्टन यांनी १८८८ मध्ये नेमकं हेच दाखवलं आणि त्याच सुमारास त्यांनी ‘कोरिलेशन’ म्हणजे सहसंबंधाची कल्पना मांडली. ती आपण बारावीनंतर संख्याशास्त्रात शिकतो. गॉल्टन १८९३ मध्ये स्वतः पॅरिसला जाऊन बर्टिलॉन यांना भेटले. तिथे म्हाताऱ्या गॉल्टन यांचीही मापं घेतली गेली आणि समोरून-बाजूने फोटो काढला गेला. ते कार्ड अजून आहे.

मापांच्या बाबतीत या चुकीचा फार तोटा झाला नाही, कारण शेवटी फोटो आणि व्रण होतेच. पण त्याच सवयीने पुढच्या वर्षी मोठा घात केला.

१८९४ च्या शरद ऋतूत फ्रेंच सैन्याला एक हस्तलिखित यादी मिळाली. जर्मनांना गुप्त माहिती विकणाऱ्या कोणाची तरी होती. संशय गेला कॅप्टन आल्फ्रेड द्रेफ्यूस यांच्यावर. ते ज्यू होते, आणि त्या काळच्या सैन्यात संशयाला तेवढं पुरत होतं. बँक ऑफ फ्रान्सच्या हस्ताक्षरतज्ज्ञाने हे अक्षर त्यांचंच असं म्हणायला नकार दिला. मग कागद बर्टिलॉन यांच्याकडे आला. हस्ताक्षर हा त्यांचा विषय नव्हता. पण तोवर ते असे मोठे झाले होते की हा माझा विषय नाही असं म्हणणं त्यांना जमलं नाही. सकाळी आलेल्या कागदावर त्यांनी त्याच दिवशी मत दिलं की अक्षर द्रेफ्यूस यांचंच.

अक्षरात फरक होते, ते दिसत होते. त्यासाठी त्यांनी सिद्धांत काढला की द्रेफ्यूस यांनी स्वतःच्याच अक्षराची खोटी नक्कल केली, पकडलं गेल्यास नाकारता यावं म्हणून. या तर्काची गंमत अशी की साम्य सापडलं तर गुन्हा सिद्ध, आणि फरक सापडला तरी गुन्हाच सिद्ध. काहीही सापडलं तरी ज्याचं उत्तर बदलत नाही ती तपासणी नव्हे, हे आपल्या प्रयोगशाळेत विज्ञानाच्या बाईंनीही आपल्याला शिकवलंय. डिसेंबर १८९४ मध्ये द्रेफ्यूस दोषी ठरले. ते केवळ या साक्षीमुळे नाही. आरोपीच्या वकिलाला न दाखवलेले गुप्त कागद न्यायाधीशांना दिले गेले होते. पण विज्ञानाच्या नावाचं वजन बर्टिलॉन यांनी दिलं. द्रेफ्यूस यांना सैनिकांसमोर पदचिन्हं उतरवून डेव्हिल्स आयलंडवर पाठवलं गेलं. यादी खरं तर एस्तेराझी नावाच्या दुसऱ्याच अधिकाऱ्याची होती आणि हे १८९६ मध्ये सैन्याच्याच एका अधिकाऱ्याला, पिकार यांना, कळलं होतं. तरी १८९९ च्या फेरसुनावणीत बर्टिलॉन आपले तक्ते घेऊन पुन्हा उभे राहिले.

त्यात त्यांनी काही अक्षरांच्या जागा योगायोगाने जुळणं किती अशक्य आहे याचा हिशोब मांडला होता. एका जुळणीची शक्यता पाचात एक, चार जुळण्या म्हणून चारदा गुणाकार, उत्तर ०.००१६. गणितज्ञ आंरी पॉइंकारे यांनी चूक दाखवली: ही चार संधींपैकी चारही जुळण्याची शक्यता झाली. इथे संधी चारापेक्षा कितीतरी जास्त होत्या, आणि त्यांतल्या कुठल्याही चार जुळणं हे शेकडोपटींनी सोपं आहे. १९०४ मध्ये पॉइंकारे, दार्बू आणि आपेल या तीन गणितज्ञांना न्यायालयाने पूर्ण तपासणी सोपवली. बर्टिलॉन यांची पद्धत निराधार आहे, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. १९०६ मध्ये द्रेफ्यूस निर्दोष ठरले. बारा वर्षं. बर्टिलॉन यांनी मात्र आपली चूक कधीच मान्य केली नाही.

याच काळात त्यांच्या कपाटाची जागा घेणारी गोष्ट आपल्या देशात तयार होत होती. बंगालचे पोलीस महानिरीक्षक एडवर्ड हेन्री यांनी बर्टिलॉन यांची मोजणी तिथे सुरू केली होती. अडचण मोजणाऱ्यांची होती. दहा ठाण्यांतले दहा शिपाई एकाच माणसाची मापं थोडी थोडी वेगळी घेत, आणि मग खण चुकत असे. बोटांचे ठसे घ्यायला सोपे, आणि घेणाऱ्याच्या हातावर अवलंबून नसलेले. प्रश्न एकच होता: ते लावायचे कसे? कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात गणित शिकलेले अजिजुल हक आणि त्यांचे सहकारी हेमचंद्र बोस यांनी तो सोडवला. दहा बोटांच्या पाच जोड्या करायच्या, चक्राकार ठसा असेल त्या बोटाला १६, ८, ४, २, १ असे गुण द्यायचे आणि बेरजेतून अपूर्णांक बनवायचा. ३२ गुणिले ३२, म्हणजे १,०२४ खण. हे कॉम्प्युटर यायच्या कितीतरी आधीचं द्विमान गणित आहे. वर्गात पहिल्यांदा शिकवलं असतं तर बायनरी मला लवकर समजली असती. १८९७ मध्ये हिंदुस्थानात मापांऐवजी ठसे हा निर्णय झाला, कलकत्त्यात ठशांची कचेरी उघडली, आणि १९०१ मध्ये हीच पद्धत लंडनला स्कॉटलंड यार्डात गेली. नाव मात्र हेन्री यांचं लागलं.

बर्टिलॉन ठशांच्या विरोधात होते असं सरसकट म्हणतात, ते पूर्ण खरं नाही. त्यांनी आपल्या कार्डांवर उजव्या हाताच्या काही बोटांचे ठसे घ्यायला सुरुवात केली होती. ऑक्टोबर १९०२ मध्ये पॅरिसमध्ये एका दंतवैद्याच्या घरी नोकराचा खून झाला. फुटलेल्या काचेवर ठसे होते, संशयित कोणी नव्हता. बर्टिलॉन यांनी ते ठसे कार्डांशी ताडून शेफर नावाचा माणूस शोधून काढला. केवळ ठशांवरून खुनी सापडण्याची युरोपातली ही पहिल्या काही उदाहरणांपैकी एक. पण कार्डं लावलेली होती मापांप्रमाणे. ठसे त्यात जाता जाता घेतलेले. काच कोणाची उंची सांगत नाही. ऑगस्ट १९११ मध्ये लूव्रमधून मोनालिसा चोरीला गेली तेव्हा हा दोष उघडा पडला. चित्राच्या काचेवर डाव्या अंगठ्याचा ठसा होता. चोर व्हिंचेन्झो पेरूजा पूर्वी अटक होऊन गेलेला होता, त्याचं कार्ड पॅरिसमध्येच होतं. पण त्या ठशावरून त्या कार्डापर्यंत जायची वाट कपाटात नव्हती. माहिती घरात असून सापडली नाही. चित्र मिळालं ते दोन वर्षांनी, फ्लॉरेन्समध्ये, पेरूजा ते विकायला गेला तेव्हा.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती आपल्या मातीशी जुळते. डोक्याच्या आकारावरून जन्मजात गुन्हेगार ओळखता येतो असं इटलीचे लोम्ब्रोसो म्हणत. बर्टिलॉन यांचं काम वेगळं होतं. माप फक्त हा माणूस तोच का, एवढंच सांगतं. तो कसा आहे हे सांगत नाही. पण साधन हाती आलं की ते तिथेच थांबत नाही. १९१२ मध्ये फ्रान्सने कायदा करून भटक्या लोकांना, तेरा वर्षांवरच्या प्रत्येकाला, मापं, फोटो आणि ठसे असलेलं पुस्तक जवळ बाळगायची सक्ती केली. गुन्हा केलेला असो वा नसो. तो कायदा १९६९ पर्यंत टिकला. आपल्याकडे इंग्रजांनी १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा आधीच केला होता. पारधी, बेरड आणि इतर कितीतरी जमातींची नोंद जन्मावरून व्हायची, हजेरी द्यावी लागायची. सोलापूरची तारेच्या कुंपणातली सेटलमेंट ज्यांनी ऐकली असेल त्यांना मी काय म्हणते ते कळेल. तो कायदा १९५२ मध्ये गेला. ३१ ऑगस्टला विमुक्त दिन पाळतात तो त्यासाठी. माणूस ओळखण्याचं साधन जमात ओळखायला वापरलं की किती पिढ्या त्याची किंमत भरतात, हे महाराष्ट्राला कोणी बाहेरून सांगायची गरज नाही.

बर्टिलॉन फेब्रुवारी १९१४ मध्ये साठाव्या वर्षी वारले. आजारात त्यांची दृष्टीही अधू झाली होती. त्यांच्यानंतर फ्रान्समध्येही मोजणी मागे पडली आणि ठसे राहिले. पण त्यांच्या हाताखाली शिकून गेलेल्या रूडॉल्फ राइस यांनी १९०९ मध्ये लोझान विद्यापीठात या विषयाची स्वतंत्र शाळा सुरू केली होती, आणि १९१० मध्ये लियोंला एडमॉन लोकार यांनी पोलीस प्रयोगशाळा उघडली. गुन्हे तपास हा शिकायचा विषय झाला तो इथून. तोवर तो अनुभवी हवालदाराच्या डोक्यात असे.

त्यांची खूण आपल्या कपाटांतही आहे. आपल्या शिक्षकांच्या सेवापुस्तकाचं पहिलं पान आठवा: प्रत्यक्ष मोजलेली उंची, अंगावरची ओळखचिन्हं, डाव्या हाताचे ठसे. भारतात कैद्यांच्या ओळखीचा कायदा १९२० मध्ये झाला आणि त्याच्या जागी २०२२ मध्ये नवा आला, त्यात बुबुळांपर्यंतची नोंद आहे. महाराष्ट्र पोलिसांची ठसे-चेहरा-बुबुळ जुळवणारी संगणक प्रणाली आहे, देशपातळीवर ‘नॅफिस’ आहे. आत काय चालतं ते विचाराल तर तेच: खण कसे पाडायचे, सीमेवरच्याला दोन्हीकडे कसं शोधायचं, आणि जुळलं म्हणजे किती जुळलं.

म्हणून विचारणाऱ्या मुलामुलींना मी सांगते. रस्ते बरेच आहेत. मुंबईत कालिन्याला न्यायवैद्यक प्रयोगशाळांचं संचालनालय आहे, तिथे रसायन, जीवशास्त्र, भौतिक, सायबर असे विभाग आहेत. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरला शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आहेत, गुजरातेत गांधीनगरला राष्ट्रीय विद्यापीठ आहे. ठसेतज्ज्ञ व्हायचं तर पोलिसांतून जाऊन अखिल भारतीय परीक्षा द्यावी लागते. आकडेवारीचं विश्लेषण आवडत असेल तर संख्याशास्त्र पक्कं करा, विशेषतः स्वतंत्र घटना आणि अवलंबून घटना हा धडा. परीक्षेत तो दोन-चार मार्कांचा असतो. द्रेफ्यूस यांच्या बाबतीत तो बारा वर्षांचा होता.

आणि ज्यांनी आपल्याला शिकवलं त्या सर-बाईंना सांगायचंय ते वेगळं. शाळांनी काढून टाकलेल्या त्या मुलाला पुढे जगाने डोक्यावर घेतलं. कुठल्याच मुलावर लवकर फुली मारू नये, हे तुम्हाला माझ्याआधी माहीत होतं. आमच्या वर्गातल्या शेवटच्या बाकांवरून आज इथे जमलेले लोक त्याची साक्ष आहेत. पण त्याला मिळालेलं सगळ्यात मोठं अपयश शाळेतलं नव्हतं. ते आलं त्याचं नाव झाल्यावर, जेव्हा ‘मला हे येत नाही’ असं म्हणण्याची त्याच्यावर पाळी आली आणि ते त्याने म्हटलं नाही. आपण सगळे आता अशा वयात आहोत की आपापल्या कचेरीत, दवाखान्यात, कोर्टात, वर्गात लोक आपलं मत शेवटचं मानतात. आपल्या एका सहीवर दुसऱ्या कोणाचं तरी काहीतरी अवलंबून असतं. त्या सहीच्या आधी आपण काय काय तपासलं आणि काय गृहीत धरलं, एवढं तरी स्वतःला विचारत जाऊ या.